दुसरा एसी लावणाऱ्याची थोरवी

पहिला एसी कुणीही लावतो. उकडायला लागलं, बटण दाबलं, गार वारा आला, माणूस झोपला. अशा माणसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझ्या मते कौतुकाचा मानकरी तो, जो सोळा अँपिअरच्या एकाच सॉकेटवर पहिला एसी व्यवस्थित चालू असताना, गाडीत कुणाला फारसं उकडत नसताना, उठून दुसऱ्या एसीचं बटण दाबतो. पन्हाळ्याच्या वाटेवर, गगनबावड्याच्या अलीकडे, राधानगरी-दाजीपूरच्या अंगाला जिथे जिथे राहायची सोय असलेली गाडी मुक्कामाला थांबते, तिथे रात्री जेवणं उरकल्यावर असा एक जण निघतोच. थोड्या वेळाने गाडीसकट अख्खा कॅम्प अंधारात जातो. लोक त्याला वेडा म्हणतात. मी त्याची बाजू मांडणार आहे.

आधी त्याची परिस्थिती समजून घेऊ. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आपलं आणलं. गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय अशी वाहनतळांची कल्पना त्यात आहे. कल्पना चांगली आहे. पण कोल्हापूरच्या आसपास गाडी प्रत्यक्षात थांबते ती कुणाच्या तरी फार्महाऊसच्या अंगणात, कृषी पर्यटन केंद्रात नाहीतर रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये, आणि वीज मिळते ती भिंतीवरच्या एका सॉकेटातून. त्याच सॉकेटवर एरवी पाण्याची मोटर चालते, गणपतीत लाइटिंगच्या माळा लागतात. गाडी म्हणाल तर ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर हौसेने बांधून घेतलेली. पुढे आजी-आजोबांची सीट, मागे पोरांचे बंक, मध्ये फ्रिज आणि इंडक्शनची शेगडी. एका एसीचं वारं मधल्या कपाटाशी अडतं, मागे पोचत नाही. म्हणून पुढे एक, मागे एक. यात चैनीचा भाग थोडा आहे. बराचसा भाग घरातल्या थोरामोठ्यांचं आणि लहानांचं बघण्याचा आहे.

आता हिशेब. आपल्याकडे २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॉट. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी कॅम्पवर खांबाला जे नेहमीचं ३० अँपिअरचं सॉकेट असतं, ते १२० व्होल्टचं. म्हणजे ३,६०० वॉट. व्होल्ट वेगळे, अँपिअर वेगळे, प्लगचा आकार वेगळा, आणि तरीही टेक्ससमधल्या माणसाची आणि कसबा बावड्यातल्या माणसाची अडचण ऐंशी वॉटच्या फरकाने एकच आहे. तिकडच्या बड्या गाड्यांना ५० अँपिअरचं दुहेरी सॉकेट मिळतं, १२,००० वॉटचं. त्यावर दोन एसी चालवणाऱ्याचं मला काही कौतुक नाही. त्याच्याकडे आहे, तो वापरतो.

आपल्या माणसाकडे नाही, तरी तो वापरतो. आणि कागदावर त्याचं गणित चुकलेलं नाही, हे त्याला हसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. दीड टनाचा साधा एसी चालताना साधारण साडेसात ते आठ अँपिअर घेतो. दोन मिळून पंधरा-सोळा. सॉकेट सोळाचं. बसलं! हिशेब बसला की माणसाला धीर येतो. फ्रिज त्याने धरलेला नसतो. इंडक्शनच्या शेगडीला एकटीला आठ-नऊ अँपिअर लागतात, तेही धरलेलं नसतं. कारण त्या वेळी शेगडीवर काही नसतं, आणि आजींना रात्री अकराला दूध कोमट करून लागतं हे कुठल्याच वायरिंगच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

त्यात या टनाचा पसारा बघा. एसीचा टन म्हणजे त्याचं वजन नव्हे. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे दोन हजार पौंड बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी गारव्याची ताकद, हे ते माप. यंत्राने गारवा करण्याआधी बर्फच विकला जायचा, त्यामुळे व्यापारही बर्फाच्या भाषेत चालायचा. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून तळ्यातला बर्फ कलकत्त्याला पाठवला. निघाला तेव्हा सुमारे १८० टन होता, चार महिन्यांनी पोचला तेव्हा सुमारे १०० टन उरला होता. ट्यूडरला त्याच्या गावात लोकांनी वेडं ठरवलं होतं. आता आपली गाडी: दीड टनाचे दोन एसी म्हणजे दिवसाला तीन टन, सुमारे २,७०० किलो बर्फ. चार-पाच माणसं झोपायच्या जागेत. टस्कनीने अर्धी पृथ्वी वळसा घालून आणलेला बर्फ या कुटुंबाला महिनाभर पुरला असता. एवढी थंडी एका सॉकेटातून ओढून काढायचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याच्या कल्पनाशक्तीला मी तरी हसणार नाही.

आणि त्याला गरज नाही असंही नाही. भर दुपारी उभ्या उन्हात चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट ऊन पडतं. गाडीचं छप्पर सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद धरलं तर १२ किलोवॉट. दोन्ही एसी मिळून बाहेर फेकू शकतात ती उष्णता साडेदहा किलोवॉट. पत्र्यावर पांढरा रंग असेल, आत थर्माकोल किंवा फोमचं अस्तर असेल, तर यातली थोडीच आत येते. नुसता पत्रा असेल तर दुपारी आत बसवत नाही. कुणी म्हणेल, गाडी आंब्याखाली लावावी. लावली असती. पण सॉकेट भिंतीवर आहे, भिंत पश्चिमेला आहे आणि आंबा तिथून चांगला साठ-सत्तर पावलं लांब. ज्याला वीज पाहिजे त्याने उन्हात थांबायचं, आणि उन्हात थांबल्यामुळे त्याला जास्त वीज पाहिजे. हा पेच त्याने केलेला नाही. जागेच्या मालकाने सॉकेट बसवताना केला आहे. आमचा माणूस फक्त तो पेच पूर्ण ताकदीने भोगतो.

काही जण गाडी आंब्याखालीच लावतात आणि पन्नास मीटरची वायर ओढतात. हा या कथेतला सगळ्यात देखणा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो. बाजारात मिळणारी गुंडाळीची एक्स्टेंशन बहुधा दीड चौरस मिलिमीटरची. पन्नास मीटर जाणारी आणि पन्नास मीटर येणारी, दोन्ही तारांचा मिळून रोध सव्वा ओहमच्या आत-बाहेर. सोळा अँपिअर वाहू लागले की वाटेतच एकोणीस-वीस व्होल्ट गळतात आणि तीनशे वॉटच्या वर उष्णता त्या वायरमध्येच तयार होते. म्हणजे गाडी गार करता करता आपण गवतात एक तीनशे वॉटचा हीटर पसरलेला असतो. वायर गुंडाळीतून पूर्ण सोडलेली नसेल तर ती उष्णता गुंडाळीतच कोंडते आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. तीच तार चार चौरस मिलिमीटरची असती तर गळती आठ व्होल्टांवर आली असती. पण आठ व्होल्टांची गळती कुणाला कळत नाही. वीस व्होल्टांची कळते: दिवा पिवळा पडतो, पंख्याचा आवाज बदलतो, आजी म्हणतात, “लाईट डीम झाली रे.” ओहमचा नियम शाळेत आठवी-नववीला सगळे पाठ करतात. आजींना तो त्या क्षणी दिसला.

मग दुसरा कॉम्प्रेसर उठतो. साधा, इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढतो. आठ अँपिअरचा चाळीसवर जातो. त्या पन्नास मीटरच्या वायरीवर तेवढ्यात पन्नासेक व्होल्ट कोसळतात आणि गाडीत उरतात पावणेदोनशेच्या आसपास. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. व्होल्टेज पाऊणपट झालं की जोर निम्म्याच्या जरासा वर राहतो. मग तो कॉम्प्रेसर घुर्र करतो, फिरत नाही, टक् करून त्याचं आतलं संरक्षण त्याला सोडवतं, आणि काही मिनिटांनी तो पुन्हा प्रयत्न करतो. घुर्र, टक्. हार न मानणारं यंत्र आणि हार न मानणारा मालक.

मालक हुशार असेल तर त्याने स्टॅबिलायझर लावलेले असतात. प्रत्येक एसीला एक. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवून देतो ते काही कुठून जादा आणून देत नाही. वायरीतून तेवढा जास्त प्रवाह ओढतो. १९० व्होल्ट येत असतील तर २३० करून द्यायला आठऐवजी पावणेदहा अँपिअर घेतो. जास्त प्रवाह म्हणजे वाटेत जास्त गळती, म्हणजे आणखी कमी व्होल्टेज, म्हणजे आणखी ओढ. पंगतीत तांबडा रस्सा संपत आला की जो तो पळी आणखी खोल घालतो, तसं. शेवटी पातेल्याचा तळ लागतो तो क्षण म्हणजे एमसीबी पडण्याचा.

तोसुद्धा लगेच पडत नाही, आणि हेच त्या माणसाला बळ देतं. घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे १६ अँपिअरच्या एमसीबीने १८ अँपिअर तासभर तरी बिनतक्रार सोसले पाहिजेत. २३ च्या वर गेलं तर तासाभरात पडलंच पाहिजे. या दोन आकड्यांमध्ये सगळं नाट्य घडतं. नऊला दोन्ही एसी लागतात. साडेनऊला सगळं सुरळीत असतं. पावणेदहाला मालक बायकोला म्हणतो, “बघ, लोड घेतंय की!” आणि साडेदहाला, सगळ्यांचा डोळा लागल्यावर, आतली तापलेली पट्टी वाकते.

अंधार झाल्यावर काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे, आणि माझं कौतुक मुख्यतः त्यासाठी आहे. तोवर प्रत्येक गाडीचं, प्रत्येक तंबूचं दार बंद असतं. माणसं आपापल्या गारव्यात असतात. वीज गेली की दारं उघडतात. टॉर्च घेऊन चार माणसं भिंतीपाशी जमतात. जागेचा मालक लुंगी सावरत येतो.

“पाव्हणं, दुसरा एसी लावलासा काय?”

“व्हय. मागं पोरास्नी उकडतंय म्हणून.”

“एवढा लोड न्हाई घेत ही लाईन. एक बंद करा.”

“मग मालक, सोळा अँपिअरचं बटण कशाला बसवलंयसा?”

हा प्रश्न उद्धट वाटतो, पण त्या आवारात वर्षानुवर्षं कुणी विचारलेला नसतो. सॉकेट सोळाचं आहे याचा अर्थ लाईन सोळाची आहे असा नाही, हे त्या प्रश्नाच्या उत्तरातून पहिल्यांदा सगळ्यांना समजतं. मागे वायर कितीची आहे? एमसीबी कितीचा? त्याच सर्किटवर स्वयंपाकघरातला फ्रिज आहे का? बाहेरच्या बाथरूमचा गिझर आहे का? मीटरवर मंजूर भार किती किलोवॉट आहे? वायरमनला फोन जातो, तो मोटारसायकलवर येतो, पेटी उघडतो आणि मालकालाही माहीत नसलेलं त्याच्याच घराचं वायरिंग सगळ्यांना समजावून सांगतो. कधी तर असं निघतं की पाहुण्यांना दिलेली लाईन शेतीपंपाच्या कनेक्शनवरून ओढलेली आहे. शेतीच्या दराने घेतलेली वीज पर्यटकांना वापरायला देणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीचा फीडर वेळापत्रकाने चालतो. पाळी संपली की पंपही बंद आणि पाहुणेही बंद. एकच एसी लावून शहाण्यासारखं झोपलेल्या पाहुण्याला यातलं काहीही कळलं नसतं. तो सकाळी पाच तारे देऊन गेला असता.

कोल्हापूरला या माणसाचं वावडं असायचं कारण नाही. या गावाने परवडेल तेवढंच करायचं असं ठरवलं असतं तर गावाकडे सांगायला फारसं उरलं नसतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांच्या नात्यापेक्षा त्यांचं एकत्र वेड मोठं होतं: परदेशी कॅमेरा परवडत नाही तर आपणच करू. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही. १९१८ मध्ये कॅमेरा उभा राहिला, १९२० मध्ये त्यातून ‘सैरंध्री’ आला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये याच गावात ‘प्रभात’ काढली. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, तेव्हा एका संस्थानाच्या खजिन्याला ते पेलणारं नव्हतं. पैशाअभावी काम थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. आज पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की जिल्हाभर बातमी होते, आणि त्याच पाण्यावर तिथे वीजही होते. उद्यमनगरात जाऊन बघा. जगात न मिळणारा सुटा भाग तिथला मेस्त्री “संध्याकाळी या” म्हणून सांगतो. मंजूर भाराच्या पलीकडे हात घालायची ही खोड या मातीत जुनी आहे. दुसरा एसी लावणारा त्याच घराण्यातला, धाकट्या पातीचा.

शहाण्या माणसांचे उपाय मला माहीत आहेत आणि मी ते मनापासून सांगतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा एसी घ्यावा. तो सावकाश वेग धरतो, सुरुवातीचा हिसका देत नाही आणि खोली गार झाली की प्रवाह खूपच कमी करतो. एक टनाचे दोन घेतले तर दीड टनाच्या एकापेक्षा थोडंच जास्त लागतं. जुन्या एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवता येतो. अमेरिकेतल्या गाड्यांत एक पेटी असते, ती एकूण भार मोजते आणि शेगडी लागली की एक एसी आपोआप सोडून देते. छपरावर हातभर अंतर सोडून ताडपत्री ताणली तर निम्मं काम तिथेच होतं. वीज वाचवण्याचं काम पाहणाऱ्या केंद्रीय ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडचे स्टार असलेले एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतात. आणि पन्हाळ्यावर, तीन हजार फुटांवर, मे महिन्यातसुद्धा मध्यरात्रीनंतर खिडकी उघडली तर एसीची गरज उरत नाही.

हे सगळं खरं आहे. फक्त हे सगळं कुणाला माहीत असतं? ज्याने कधी ना कधी दोन एसी लावून कॅम्प अंधारात घातला, त्याला. सॉफ्ट स्टार्टर हा शब्द एमसीबी पडल्याशिवाय कुणाच्या तोंडी येत नाही. ताडपत्रीची युक्ती दुपारी दोन्ही एसी हरल्यावर सुचते. मी आजवर भेटलेल्या गाडीवाल्यांत ज्यांना वायरीची जाडी विचारल्यावर नेमका आकडा सांगता आला, ते सगळे एकेकाळी या वेडाच्या तावडीत सापडलेले होते. बाकीचे म्हणाले, “जाडच आहे.”

इथे मात्र एक रेघ ओढली पाहिजे, आणि ती ठळक ओढली पाहिजे. मी वेड्याची बाजू घेतो, दीडशहाण्याची नाही. वेडा दुसरा एसी लावतो, एमसीबी पडतो, तो खाली उतरतो, विचारतो, ऐकतो. दीडशहाणा एमसीबी पडला की सोळाचा काढून बत्तीसचा बसवतो. किंवा जुन्या पेटीतल्या फ्यूजमध्ये तारेचे चार पेड जास्त घालतो. मग काहीच पडत नाही. दोन्ही एसी छान चालतात, आणि भिंतीच्या आतली अडीच चौरस मिलिमीटरची वायर रात्रभर तिला न झेपणारा भार वाहते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. आग लागते ती गाडी झोपलेली असताना, आणि पत्र्याच्या, फोमच्या, प्लायच्या त्या डब्याला दार बहुधा एकच असतं. एमसीबीला अडाणी म्हणणारा माणूस मला कॅम्पवर नको.

दुसरं, अर्थिंग. रबरी टायरांवर उभी असलेली गाडी जमिनीपासून तुटलेली असते. आत कुठे वायरीचं वेष्टण घासून पत्र्याला लागलं आणि सॉकेटाची अर्थिंगची तार नुसती शोभेची असेल, तर सगळी गाडीच जिवंत होते. आतल्या माणसाला काही जाणवत नाही. तो पत्र्यावरच उभा आहे. गगनबावड्याच्या ओल्या गवतात अनवाणी उभं राहून जे पोरगं दाराची कडी धरेल, त्याला जाणवेल. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी अशा वेळी क्षणाच्या आत वीज तोडते. ती गाडीतही हवी आणि सॉकेटापाशीही हवी. दोन एसी लावायचं वेड असलेल्या माणसाने एवढा एक खर्च आधी करावा. मग रात्रभर खुशाल एमसीबी पाडत बसावं.

काही वेडे यापुढे जातात. एक वायर स्वयंपाकघरातून, दुसरी ऑफिसातून. दोन्ही एकाच एमसीबीवर निघाल्या तर काही साधत नाही. पण जागेला तीन फेज असतील आणि दोन सॉकेटं वेगवेगळ्या फेजवर निघाली, तर प्रत्येक एसीला आपापले सोळा अँपिअर मिळतात आणि दोन्ही चालतात! हे घडतं तेव्हा मालकाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. त्या आनंदात त्याने एवढंच ध्यानात ठेवावं की आता त्याच्या गाडीतल्या दोन प्लगांमध्ये चारशेच्या आसपास व्होल्टांचं अंतर आहे, आणि जागेचा न्यूट्रल कुठे ढिला होऊन सुटला तर एका एसीला दीडशे आणि दुसऱ्याला अडीचशे-तीनशे व्होल्ट जाऊ शकतात. न्यूट्रल उडून अख्ख्या गल्लीचे टीव्ही जळाल्याची गोष्ट कोल्हापुरात जवळपास प्रत्येक पेठेत कुणी ना कुणी सांगतं. ही जोडणी वायरमनच्या हातून, दोन्ही फेज एकदम तोडणाऱ्या स्विचमधून व्हावी, नाहीतर होऊ नये.

आणि जे लोक म्हणतात की मर्यादित वीज ही कॅम्पची अडचण आहे, घरी परत गेलं की संपली, त्यांना कोयनेकडे बोट दाखवावंसं वाटतं. उन्हाळ्यात संध्याकाळी राज्यभर एसी लागतात तेव्हा वाढलेली मागणी भागवायला कोयनेची जनित्रं फिरतात. १,९६० मेगावॉटची क्षमता आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला तळ्याच्या तळाशी स्फोट करून बोगद्यात पाणी घेतलं, लेक टॅपिंगचा तो आशियातला पहिला प्रयोग, आणि २५ एप्रिल २०१२ ला दुसरा. पण या केंद्रांतून बहुतेक पाणी पश्चिमेला, वाशिष्ठीत उतरतं, आणि कृष्णा पाणी तंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे. म्हणजे उकाडा सगळ्यात जास्त असतो त्या महिन्यात वर्षाचा कोटा सरत आलेला असतो, आणि कोयना जपून चालवावी लागते. सगळं राज्यच एका मापातल्या सॉकेटला जोडलेलं आहे. फरक एवढाच की राज्याचा एमसीबी शहरातल्या फ्लॅटमध्ये दिसत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत तो रोज दिसायचा, त्याला भारनियमन म्हणत; आता ज्यांचं वय वीस आहे त्यांना तो आठवतही नाही. त्यांना वीज म्हणजे भिंतीतून हवी तेवढी येणारी गोष्ट वाटते. आठ सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकाचे तीन एसी एकदम लागले की कोपऱ्यावरच्या डीपीचं काय होतं, हे त्यांनी कधी मोजलेलं नाही. त्या गाडीच्या मालकाने मोजलं आहे. साडेदहाला, टॉर्चच्या उजेडात, चार अनोळखी माणसांसमोर.

म्हणून कॅम्पच्या आणि कृषी पर्यटन केंद्रांच्या मालकांना माझं सांगणं आहे की अशा पाहुण्याला दारात अडवू नका. “एसीवाल्या गाड्यांना वीज मिळणार नाही” असा फलक लावून प्रश्न सुटत नाही. तो माणूस रात्री गुपचूप वायर ओढेल आणि तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून येईल. त्यापेक्षा खांब उभा करा, सावलीच्या बाजूला. त्यावर १६ अँपिअरचं निळं औद्योगिक सॉकेट, स्वतःचा एमसीबी, स्वतःची आरसीसीबी, मीटरच्या पेटीपासून थेट आणलेली चार चौरस मिलिमीटरची वायर आणि खरं, मोजून बघितलेलं अर्थिंग. एमसीबी पाहुण्याच्या हाताशी असू द्या, म्हणजे तो पडला की तुमची झोप मोडणार नाही आणि बाकीच्यांची वीजही जाणार नाही. सगळ्यात महत्त्वाचं, त्याच खांबावर व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा छोटा डिजिटल मीटर लावा; काहीशे रुपयांत मिळतो. आकडे मोठे, रात्री वाचता येतील असे हवेत. पहिला एसी लागला की सात पूर्णांक आठ, दुसरा लागला की पंधरा पूर्णांक नऊ, व्होल्ट दोनशे अकरा. पोरं तो आकडा बघत तिथेच उभी राहतात, हे नक्की. मग आतून आजींनी दुधासाठी शेगडी लावली तर ओरडून सांगायचं काम त्यांच्याकडे द्या.